पडदे आणायला गेले आणि बंदूक आणली

माझ्याकडे कपाटभर जुन्या बंदुका आहेत आणि मी आजवर एकही झाडलेली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण 'बंदुका' एवढं कानावर पडलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू ही बाई आता पदराआडून काहीतरी काढणार. माझ्या पदराआडून फार तर रुमाल निघेल, नाहीतर खोकल्याची गोळी.

आम्ही न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला घर घेतलं तेव्हा त्याला खिडक्या भरपूर होत्या आणि पडदा एकही नव्हता. हे, म्हणजे माझे यजमान सुधीर, सकाळच्या गाडीने वेलिंग्टनला कामावर जायचे आणि मी दिवसभर समोरच्या घरातल्या बाईला दिसत बसायची. शेवटी तीच कंटाळली. म्हणाली, स्टेशनामागे लिलावाचा हॉल आहे, तिथे पडदे, दांड्या, सगळं मातीमोलाने मिळतं, जा.

आपल्याकडे कुणाचं तरी बुडाल्याशिवाय लिलाव होत नाही. इथे तसं नाही. म्हातारा-म्हातारी केअर होममध्ये गेली, मुलं ऑस्ट्रेलियात, घर विकायचंय. मग कपाटं, कपबश्या, गवत कापायचं यंत्र, सगळं हॉलमध्ये येऊन रांगेत उभं राहतं. आदल्या दिवशी जाऊन बघायचं, दुसऱ्या दिवशी नंबराचा पुठ्ठा वर करून बोली लावायची. आणि जे एकेकटं कुणी घेणार नाही ते एका खोक्यात कोंबून एकदम विकतात. त्याला म्हणायचं जॉब लॉट. माझ्या पुढच्या सगळ्या उद्योगाचा जन्म असल्या एका खोक्यात झाला.

खोक्यात पडद्याच्या दांड्या होत्या. दुसरं कुणी बोली लावली नाही म्हणून मला मिळालं. घरी येऊन एकेक दांडी काढून पुसतेय, तर तळाची दांडी जड लागली. बघते तर एका टोकाला लाकडी दस्ता. संध्याकाळी हे घरी आले आणि दारातच उभे राहिले.

"शैला, तू पडदे आणायला गेली होतीस ना?"

"हो."

"मग ही बंदूक कशाला आणलीस?"

"खोक्यात आली. फुकटच पडली म्हणायची."

त्या रात्री यांना जेवण गेलं नाही. परक्या देशात आलोय, व्हिसा नवा, आणि बायकोने बंदूक घरात आणली. सकाळी पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही आणू नका, आम्हीच येतो. एक तरुण पोलीस आला, त्याने ती हातात फिरवून बघितली. घोडा नाही, चाप गंजून बसलेला, नळीत गांधीलमाशीचं घरटं. म्हणाला, "मॅम, ही ठासणीची आहे, दीडशे-दोनशे वर्षांची. हिला लायसन्स लागत नाही. हिच्यापासून एकच धोका आहे, धनुर्वाताचा." आणि हसत गेला. मला मात्र त्या बंदुकीची दया आली होती. इतक्या लांब, कुठल्या कुठल्या बोटीतून आली असेल, आणि शेवटी पडद्याच्या दांड्यांत! मीही बोटीतून नाही तरी विमानातून तशीच आले होते की.

तर असं सुरू झालं. मग मी दर आठवड्याला हॉलवर जायला लागले आणि ज्या बंदुकीकडे कुणी ढुंकून बघत नाही तीच घ्यायला लागले. दस्ता फुटलेली, घोडा हरवलेली, तारेने बांधलेली. धडक्या बंदुकांना गिऱ्हाईक खूप. मोडक्या स्वस्त जायच्या, त्या मी घरी आणून जोडायची, कधीमधी विकायचीही. माझं शिक्षण दहावी, पण बोटांना शिवणकामाची सवय. फुटलेल्या लाकडाचे दोन काठ जुळवणं आणि फाटलेल्या पैठणीचे दोन काठ जुळवणं, यात फार फरक नाही, घाई करायची नाही एवढंच.

मला या धंद्यात गुरू भेटला तो ग्रॅहम. उंच, वाकलेला, निवृत्त सुतार, बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालणारा. थंडीतसुद्धा. लिलावात तो माझ्याविरुद्ध बोली लावायचा आणि मी जिंकले की शेजारी येऊन सांगायचा, की मी काय घेतलंय. कारण मला माहीत नसायचं! त्याच्याकडून मी शिकले, की तोड्याची बंदूक वेगळी, चकमकीची वेगळी, टोपीची वेगळी. पहिलीला जळती वात लावायची, दुसरीत गारगोटीची ठिणगी पडायची, तिसरीत तांब्याची इवलीशी टोपी ठेवून तिच्यावर घोडा आपटायचा. त्यानंतर काडतुसं आली. त्या काडतुसांच्या जुन्या रायफली ठेवायच्या तर लायसन्स हवं, पोलादी कपाट हवं, आणि पोलीस घरी येऊन तुमची आणि कपाटाची, दोघांची तपासणी करणार. मी ते लायसन्स काढलं. परीक्षेला बसलेल्यांत मी एकटीच साडीत होते. सगळ्यात आधी पेपर देऊन उठले तेव्हा एक दाढीवाला म्हणाला, "सोडून दिला का?" म्हटलं, "नाही, झाला. घरी दूध उघडं आहे."

ग्रॅहमने शिकवलेली खरी गोष्ट मात्र निराळीच होती. एकदा यांनी मला खूश करायचं ठरवलं. मी बाहेर गेले असताना एका चकमकीच्या बंदुकीची पितळी पट्टी चिंच-मीठ लावून घासली. आपल्याकडचा समया घासायचा संस्कार! आल्यावर बघते तर पट्टी नव्या कळशीसारखी लखलखतेय आणि हे शेजारी उभे, बक्षिसाची वाट बघत. मी ती ग्रॅहमला दाखवली. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "शैला, तो काळा रंग यायला दीडशे वर्षं लागली होती. तुझा नवरा चांगला माणूस आहे. त्याला परत कधी हात लावू देऊ नकोस." म्हणजे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र हे, की जुन्याला नवं करायचं नाही. गंज पुढे खाणार नाही इतपत तेल, लाकूड तडकणार नाही इतपत मेण, आणि बाकी तिचं वय तिच्या अंगावर राहू द्यायचं. माझ्या वयाच्या बायकांनी हे आरशासमोरही लक्षात ठेवावं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. बॉटनी डाउन्सहून एक पुण्याचा मुलगा आला होता, कॉम्प्युटरमधला, नवं घर, मोठी भिंत. त्याला दिवाणखान्यात लावायला मराठेशाहीतली बंदूक हवी होती. माझ्याकडची एक त्याला आवडली. म्हटलं, बाळा, ही इंग्लंडात बनलीय, नळीवर ठसा आहे बघ.

"मावशी, ठसा भिंतीकडे करू."

"मग?"

"तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्या, पेशवेकालीन असावी. 'आहे' नका लिहू, 'असावी' लिहा. हीप्स ऑफ लोक येतात घरी, ढिगाने."

मी काही लिहून दिलं नाही. त्याने त्या भिंतीवर टीव्ही लावला. पण पोरगा मनाचा मोकळा, अजून दिवाळीला चकल्या घेऊन येतो आणि विचारतो, "मावशी, अजून इंग्लिशच आहे का ती?"

आणि पुकेकोहेचे ते काका. तिकडे कांद्या-बटाट्याची शेतं करणारी आपली भारतीय माणसं तीन-तीन पिढ्यांपासून आहेत. एका शेतावरच्या सामानाचा लिलाव होता. नांगर, पिंपं, आणि त्यांत पाखरं उडवायची एक ठासणीची बंदूक, दस्त्याला तार गुंडाळलेली. अगदी माझ्या पसंतीची. मी पुठ्ठा वर केला की मागून एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ वर करायचे. असं चाललं होतं, पण मला एक गोष्ट खटकली. बंदुकीचा शौकीन बोली लावताना बंदुकीवरून नजर काढत नाही. हे गृहस्थ प्रत्येक बोलीला दुसरीकडे बघायचे, शेताकडे, आभाळाकडे. मी पुठ्ठा खाली ठेवला. नंतर ते माझ्याकडे आले.

"बहेन, सोडून का दिली?"

"तुम्ही तिच्याकडे बघतच नव्हता."

"बघितलं असतं तर सगळ्यांसमोर रडलो असतो," ते म्हणाले. "बापाची आहे. धाकट्याने शेत विकलं, त्यात तीही गेली." मी त्यांना तार सोडवून दस्ता जोडून दिला. तेव्हापासून दरवर्षी आमच्या दारात कांद्याची गोणी येते. इतकी मोठी, की आमच्या गल्लीतले लोक कांदे विकत घेत नाहीत.

माझ्या नशिबात अशी माणसं फार. त्यांचे उपकार लिहायचे तर हा सगळा अंक मलाच लागेल. पण ज्या दिवशी हे सगळं हातचं जायची वेळ आली होती, त्या दिवसाबद्दल लिहायला मी खरी बसलेय.

झालं असं, की ग्रॅहम गेला. थंडीच्या शेवटी, झोपेत, त्याच्या मनासारखा. त्याची बायको मॉरीन आमच्याकडे आली आणि त्याच्या बंदुका माझ्या कपाटात ठेवून गेली. म्हणाली, "तो सांगून गेलाय, शैलाकडे दे. एकदम लिलावात ओतू नकोस. एकेक करून चांगल्या घरी दे." म्हणजे लेकी द्याव्यात तशा द्यायच्या होत्या. मी तिला शब्द दिला. आणि नेमकं त्याच सुमाराला माझं लायसन्स संपत आलं, नवं करायचं होतं. यात गोम अशी, की ग्रॅहमच्या बऱ्याचशा रायफली काडतुसाच्या, लायसन्स लागणाऱ्या. माझं लायसन्स नाकारलं गेलं, तर माझ्या तर जातीलच, पण त्याच्याही मिळेल त्याला घाईघाईने देऊन टाकाव्या लागणार. मेलेल्या माणसासाठी दिलेला शब्द. तपासणीचा दिवस ठरला. खंडेनवमी. दुपारी.

त्या वर्षी माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. त्यांना आम्ही आई म्हणतो. साताऱ्याच्या घरी एक जुनी तलवार आहे, खंडेनवमीला तिची पूजा होते. घरातला कर्ता पुरुष कद नेसून पाटावर बसतो आणि बायका आत पुरण शिजवतात. आईंनी सून म्हणून आणि सासू म्हणून उभा जन्म ती पूजा स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली. मी इथे आपली दरवर्षी बंदुकांच्या कपाटाच्या दारावर हळदकुंकू वाहून मोकळी व्हायची. आईंना ते कळलं.

"शस्त्रं आत कोंडलेली आणि पूजा दाराची? मग देवही फ्रीजमध्ये ठेव आणि फ्रीजला ओवाळ."

"आई, त्या कुलपात ठेवायचा नियम आहे."

"वर्षभर ठेव की. आज त्यांचा सण."

माझा विचार असा, की तपासणी दुपारी आहे, सकाळीच पूजा उरकू आणि बंदुका पुन्हा कपाटात ठेवू. मी बंदुका काढून बैठकीच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर मांडल्या. माझ्याही, ग्रॅहमच्याही. इथे खंडेनवमी वसंतात येते, झेंडूचा पत्ता नसतो, म्हणून अंगणातल्या कोफायच्या झाडाची पिवळी फुलं तोडून ठेवली. आणि मग आईंनी हुकूम सोडला. "सुधीर, कद नेस, पाटावर बस. शैला, तू पुरणाला लाग." मला नियम माहीत होता, की बंदुका बाहेर असताना लायसन्सवाल्या माणसाने तिथून हलायचं नाही. पण आईंसमोर उभं राहून 'मी आत जाणार नाही' म्हणणं हे काय त्या परीक्षेच्या पेपरात होतं? पाच मिनिटांत येते म्हणत मी आत गेले. शिवाय पोळ्या भाजताना स्वयंपाकघराचं दार लावावंच लागतं, नाहीतर धुराचा भोंगा अख्ख्या गल्लीला पोळीचं आमंत्रण देतो.

तर मी दाराआड, आणि बाहेर हे उघडेबंब, कद नेसून, ऑक्टोबरातल्या गारठ्यात कुडकुडत, मंत्र म्हणतायत. आईंनी त्यांच्या हातात त्यातल्या त्यात देखणी रायफल दिली होती. ग्रॅहमची. म्हणजे नेमकी लायसन्सवाली. तिचा बोल्ट, म्हणजे जिच्याशिवाय गोळी सुटत नाही ती खीळ, मी काढून वेगळ्या पेटीत ठेवलेला, त्यामुळे ती त्या घटकेला माझ्या लाटण्याइतकीच घातक होती. पण दिसायला रायफलच की. आणि आईंनी बजावलेलं, "पूजा होईपर्यंत हातातलं शस्त्र खाली ठेवायचं नाही."

बेल वाजली. ह्यांनी जाऊन दार उघडलं. हातातल्या शस्त्रासकट.

दारात तपासणीचे साहेब होते. हेमी नावाचे, माओरी म्हणजे इथले मूळचे, दाराएवढे रुंद. वेळ दुपारची ठरली होती, पण दुसरीकडचं काम रद्द झालं म्हणून लवकर आले. हे पुढचं मला यांनी सांगितलेलं आहे.

"किआ ओरा," असा आपल्या भाषेत नमस्कार करून हेमी दोन पावलं मागे सरले. "मेट, ती हळूच खाली ठेव."

"ठेवता येत नाही," हे म्हणाले.

"का नाही?"

"माय मदर."

मागून आईंचा आवाज. "कोण आलंय रे? दारात काय उभा केलायस, आत घे. आरतीला तेवढंच माणूस."

आवाज ऐकून मी हाताला कणीक तशीच घेऊन बाहेर आले. हेमींनी मला बघितलं, यांना बघितलं, चादरीवरच्या बंदुका बघितल्या.

"लायसन्स कुणाचं?"

"माझं."

"तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात."

"दार?"

हे मध्येच म्हणाले, "उघडंच होतं, ती आत्ताच..." मी म्हटलं, "बंद होतं." खोटं बोलून लायसन्स मिळालं असतं, तर प्रत्येक वेळी कपाट उघडताना तेच आठवलं असतं. हेमी सावकाश म्हणाले, "शैला, हे बरं नाही झालं." ओरडले असते तर परवडलं असतं. मी खाली बघत होते आणि मला मॉरीन दिसत होती, त्या बंदुका जुन्या ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून उतरवणारी.

"काय म्हणतोय तो?" आईंनी विचारलं.

हे म्हणाले, "आई, तो म्हणतोय, बंदुका शैलाच्या नावावर आहेत. तिच्या नजरेआड कुणी हात लावायचा नाही."

"घरच्या कर्त्या पुरुषानंही नाही?"

"नाही."

"मी पण नाही?"

"तू पण नाही."

चादरीवरून आईंनी एक नजर फिरवली, मग माझ्या कणकेच्या हातांवर. मला वाटलं, आता सरकारचाही उद्धार होणार. त्या म्हणाल्या, "मग तू काय शोभेचा बसलायस तिथे? ऊठ. ज्याचं शस्त्र त्याची पूजा. शैला, हात धू आणि बस."

"आई, पोळी तव्यावर आहे."

"मी बघते. तुझ्या जन्माआधीपासून लाटतेय." आणि पदर खोचून त्या आत गेल्या. ती पूजा त्यांनी जन्मभर जिथून पाहिली होती, तिथे जाऊन उभ्या राहिल्या, फक्त या वेळी पाटावर मी होते.

ह्यांनी ती रायफल माझ्या हातात दिली. हेमींना मी म्हटलं, हे अर्धवट सोडता येत नाही, पण तुम्ही सांगाल तर सोडते. त्यांनी बूट तर कधीच दाराशी काढले होते. म्हणाले, "प्रार्थना मध्ये तोडायची नसते. पूर्ण कर. मी इथेच आहे, आणि शेवटची बंदूक कुलपात जाईपर्यंत इथून हलणार नाही." मग आम्ही पूजा केली. कुंकू माझ्या हातून दोनदा दस्त्याऐवजी चादरीवर पडलं. आरतीला हेमी हात पुढे बांधून उभे, आणि हे घंटा वाजवतायत, कारण घंटेला लायसन्स लागत नाही.

मग मी एकेक बंदूक स्वतः आत नेऊन ठेवली. हेमींनी कपाट हलवून बघितलं, भिंतीतले बोल्ट बघितले. "किल्ली?" मी मंगळसूत्रात अडकवलेली किल्ली काढून दाखवली. "रात्री?" म्हटलं, "हे रात्रीही काढत नाही." तिथे पहिल्यांदा ते हसले.

घरातल्या माणसांशी वेगळं बोलायची त्यांची पद्धत असते. आईंसाठी त्यांनी फोनच्या स्पीकरवर दुभाषी घेतली, कुठलीशी मराठी मुलगी. मला बाहेर जायला सांगितलं होतं, पण आईंचं बोलणं काय, अंगणातही ऐकू येतं.

"सुनेला राग येतो का, असं विचारतायत, आजी," फोनमधली मुलगी म्हणाली.

"येतो की. माणूस आहे."

"राग आला की काय करते?"

"भांडी घासते. फार राग आला तर घासलेली पुन्हा घासते."

"तिच्या हातात बंदुका सुरक्षित आहेत असं वाटतं का तुम्हाला?"

"अगो, माझा मुलगा इतकी वर्षं तिच्या हातात आहे. बघा की, गंजलाय का कुठे? त्याला सांभाळते ती या लाकडांना सांभाळणार नाही?"

मुलीने ते कसं इंग्रजीत सांगितलं देव जाणे. आतून बराच वेळ हेमींचा खोकला ऐकू आला.

जाताना ते मला म्हणाले, "मी जे पाहिलं ते लिहिणार. आलो तेव्हा दिसलं ते, आणि नंतर दिसलं तेही. निर्णय माझ्या एकट्याचा नाही." म्हटलं, बरोबर आहे. आईंनी त्यांच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पुरणपोळ्या ठेवायला घेतल्या, ते नको म्हणाले, कामावर असताना काही घेता येत नाही. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग इथे उभ्याने खा म्हणावं, घेऊन जाऊ नको." पण ते त्यालाही नाही म्हणाले. चांगला माणूस.

नंतरचे आठवडे मी कसे काढले ते आमच्या भांड्यांना विचारा. ग्रॅहमच्या रायफलींना तेल लावायला कपाट उघडायची आणि वाटायचं, हे शेवटचं. मॉरीनला मी सगळं जाऊन सांगितलं होतं. ती म्हणाली, "ग्रॅहम असता तर त्या दारातल्या प्रसंगासाठी त्याने एक बंदूक दिली असती." आणि आम्ही दोघी हसलो आणि मग हसलो नाही.

लायसन्स आलं. सोबत सक्त ताकीद होती, की सण असो, सोयरे असोत, बंदुका बाहेर असतील तेव्हा मी तिथून हलायचं नाही. आईंनी ती ताकीद यांच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मान डोलावली. ग्रॅहमच्या बंदुका मी एकेक करून दिल्या. एक क्राइस्टचर्चला, एक त्याच्या जुन्या मित्राला, दोन एका शाळामास्तरीण बाईंकडे. प्रत्येक वेळी घर बघून, माणूस बघून. एकीसाठी आलेल्या स्थळाला मी नाही म्हणून परतही पाठवलं.

आई साताऱ्याला परत गेल्या. पुढच्या खंडेनवमीला दुपारी, तिकडे तेव्हा सकाळ असते, साताऱ्याहून फोन आला. मला वाटलं आईंना काही झालं. पण माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या, आवाज दबका.

"शैला, अगं काय करून ठेवलंस तू?"

"काय झालं वहिनी?"

"आई म्हणतायत, वर्षभर तलवारीला तेल कोण लावतं? म्हटलं, मी. म्हणे, मग तूच बस पाटावर. यांनी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाल्या, न्यूझीलंड सरकारचा नियम आहे."

"मग बसलात?"

"बसलेय. पाटावरूनच बोलतेय. आणि हे आत पुरणाला लागलेत. करपल्याचा वास येतोय गं. पण मी काही उठत नाही."